आभाळातून दिसतं, मग तलाठ्याला का दिसत नाही?



३ एप्रिल १९८४ ला आपल्या देशाचा पहिला माणूस अंतराळात गेला. स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा, हवाई दलातले. रशियाच्या सोयूझ टी-११ या यानातून दोन रशियन साथीदारांबरोबर गेले, सॅल्यूत-७ या अंतराळ स्थानकावर राहिले आणि ११ एप्रिलला सुखरूप खाली आले. ते आठ दिवस रेडिओ लावला की हेच. पंतप्रधान इंदिरा गांधींनी त्यांना विचारलं, वरून भारत कसा दिसतो? त्यांनी इक्बालच्या गाण्याची ओळ म्हणून उत्तर दिलं. पेपरवाल्यांनी पानंच्या पानं भरली. करमाडच्या बाजारात मिरचीचा भाव करणारी माणसंसुद्धा वर बोट करून तेच बोलत होती.

त्यानंतर दीड महिना उलटला. टाळ्या थांबल्या. रोहिण्या निघाल्या, मृग तोंडावर आलाय, आणि आपल्या लोकांपुढं दरसालचाच प्रश्न उभा आहे: यंदा गायरानात, जंगलातल्या वावरात नांगर घालू देतील का नाही?

हे दोन विषय एकमेकांचे नाहीत असं पुष्कळांना वाटेल. मला वाटतं ते एकच आहेत. म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट साफ सांगतो. शर्मांवर माझा राग नाही. तो माणूस धाडसी आहे. एवढ्याशा डब्यात बसून आगीवर स्वार व्हायचं, हे येड्यागबाळ्याचं काम नाही. आपले भिल्ल लोक धाडसाला मान देतात, कोणाचंही असो. माझं भांडण त्या उड्डाणाचा सण करणाऱ्यांशी आहे. माणूस आभाळात पाठवणं हेच देशाचं मोठेपण, असं जे आपल्या पोरांच्या डोक्यात भरतात त्यांच्याशी आहे.

वर जाऊन काय केलं?

पेपरात आलं ते असं. शर्मांनी वजन नसलेल्या जागेत योगासनं करून पाहिली. शरीरावर काय परिणाम होतो ते तपासलं. धातू वितळवायचे प्रयोग झाले. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे भारताचे फोटो काढले. जंगल किती, पाणी कुठं, जमीन कशी, हे वरून टिपायचं. त्या प्रयोगाला ‘टेरा’ असं नाव होतं. टेरा म्हणजे जमीन.

म्हणजे बघा, आभाळात गेले तेसुद्धा जमीन बघायलाच.

यान तासाला २७-२८ हजार किलोमीटर वेगानं पळतंय. दीड तासात पृथ्वीला एक चक्कर. शेकडो किलोमीटर उंचीवरून माणूस कॅमेरा लावतो आणि खाली कुठं झाड, कुठं माळ, कुठं पीक ते टिपून घेतो. सरकारला जमीन बघायची मनापासून इच्छा झाली की ती आभाळातूनही बघता येते, हे यातून सिद्ध झालं.

आता खाली या.

३१ मार्च १९७८ च्या आधीपासून जे भूमिहीन सरकारी जमीन कसतात, त्यांचं अतिक्रमण नियमात बसवून त्यांना जमीन द्यायची, असा निर्णय महाराष्ट्र सरकारनं २७ डिसेंबर १९७८ ला काढला. वनजमिनीलाही तो लावला, १९७९ मध्ये त्यावर आणखी हुकूम निघाले. कितीतरी वर्षं झाली. आता तुमच्या-आमच्या वस्तीवर मोजा, किती जणांच्या हातात कागद आहे?

कागद का नाही? कारण पुरावा नाही. पुरावा का नाही? तर ऐका कसं चालतं ते.

तलाठ्यानं वावरात येऊन पाहायचं. कोण कसतो, किती कसतो, कधीपासून कसतो, हे विचारून पंचनामा करायचा. मग गाव नमुना एक-ई, म्हणजे अतिक्रमणाचं रजिस्टर, त्यात नाव लावायचं. नाव लागलं की दंड बसतो. दंड भरला की पावती मिळते. ती पावती दाखवली की कचेरीत मानतात, हा माणूस अमुक सालापासून जमीन कसतो. म्हणजे पट्ट्याची वाट दंडातून जाते, आणि दंडाची वाट तलाठ्याच्या पायातून.

तो पायच वावरात पडत नाही.

सबंध जगात दंड भरायला रांगा लावणारे लोक आपणच असू. साहेब, आमच्यावर दंड बसवा, आमचा गुन्हा लिहून घ्या, असं हात जोडून म्हणावं लागतं. आणि तोही लिहून घेत नाहीत. एका वस्तीवर मी स्वतः तीन खेपा अर्ज घेऊन गेलो. एकदा सांगितलं माणूस कमी आहे. एकदा सांगितलं जायला गाडी नाही. तिसऱ्या खेपेला सांगितलं, पीक निघून गेलं, आता काय बघायचं, पुढल्या साली या. चावडीपासून ती वस्ती पायी पाऊण तासाच्या वाटेवर.

रशियातून आभाळात जायला गाडी मिळते. चावडीवरून माळावर जायला मिळत नाही.

खर्चाचा हिशोब

आता कोणी म्हणेल, अरे पण रशियानं दोस्तीत नेलं, आपल्याला तिकिटाचा खर्च आलाच नाही. तसंच सांगितलं जातंय. ठीक आहे, धरून चाला. पण पाहुणा म्हणून एकदा जेवून आलं की पुढल्या खेपेला आपल्या घरी पंगत घालावी लागते. शर्मांच्या बरोबर रवीश मल्होत्रा नावाचे दुसरे अधिकारीही दीड वर्ष तिकडं तयारी करत होते. उद्या म्हणतील, दुसऱ्याच्या यानात किती दिवस बसायचं, आपलं यान पाहिजे, आपलं स्थानक पाहिजे, आपला माणूस चंद्रावर पाहिजे. पंगतीचा खर्च काय असतो तो अमेरिकेला विचारा.

अमेरिकेनं माणूस चंद्रावर नेण्यासाठी अपोलो नावाचा कार्यक्रम केला. त्याला सुमारे अडीच हजार कोटी डॉलर लागले. १९८४ मध्ये एक डॉलर अकरा रुपयांच्या आसपास होता. गुणाकार करा. साडेसत्तावीस हजार कोटी रुपये होतात. आपल्या सबंध देशाची सहावी पंचवार्षिक योजना, १९८० ते १९८५, सरकारी खर्च ९७,५०० कोटींची होती. धरणं, रस्ते, शाळा, दवाखाने, वीज, सगळं त्यात. म्हणजे आपल्या योजनेच्या पाव हिश्शाहून जास्त पैसा त्यांनी एका वाटेवर घातला. आणि मिळालं काय? बारा माणसं चंद्रावर चालून आली. दगडमाती घेऊन आली. १९७२ च्या डिसेंबरात शेवटचे दोघे परत निघाले, त्यानंतर आजपर्यंत कोणी गेलेलं नाही. एवढंच जरुरीचं काम होतं तर सोडलं काहून? रशियाच्या आधी पोचायचं होतं, पोचले, संपलं.

१९७२ चा डिसेंबर तुम्हाला आठवतो ना? तिकडं चंद्रावरचे दगड गोळा करत होते आणि इकडं मराठवाड्यात आपण दगड फोडत होतो. दुष्काळी कामावर खडी. बायामाणसं, पोरंसोरं, सगळे. मी बारा वर्षांचा होतो, घमेलं उचलायचो. सुकडी मिळायची, आणि मिलो, ती लाल जवारी. तीसुद्धा अमेरिकेचीच. एकाच देशातून चंद्रावर माणूसही गेला आणि आपल्या पोटाला मिलोही आली. ती जवारी खाल्ल्याचा मला राग नाही, तिनंच जगवलं. पण ज्याच्या हातात कोठार त्यानं ठरवायचं की रॉकेट किती आणि जवारी किती, हे मला त्या साली कळलं नव्हतं, आता कळतं.

आणि अमेरिकेतले सगळेच काही टाळ्या वाजवत नव्हते. १५ जुलै १९६९, चंद्राकडं रॉकेट उडायच्या आदल्या दिवशी, रेव्हरंड राल्फ ॲबरनाथी नावाचे काळ्या लोकांचे पुढारी गरिबांचा मोर्चा घेऊन रॉकेटतळावर गेले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर त्यांची संघटना तेच चालवत होते. सोबत खेचरं आणि खेचरांची गाडी होती. एकीकडं रॉकेट, एकीकडं खेचर. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की ज्या देशात इतके लोक उपाशी आहेत त्यानं आधी काय करावं? अंतराळ खात्याचे मुख्य साहेब, थॉमस पेन, बाहेर येऊन भेटले. त्यांनी सांगितलं, उद्या बटण न दाबल्यानं तुमची गरिबी मिटणार असती तर आम्ही दाबलं नसतं. आणि मोर्चातल्या काही लोकांना उड्डाण जवळून बघायचे पास दिले.

भाकर मागायला गेले आणि तमाशाचं तिकीट घेऊन आले.

“ते पैसे तुम्हाला मिळणारच नव्हते”

पेन साहेबाचं हे म्हणणं आपल्याकडंही ऐकू येतं, आणि सगळ्यात वजनदार तेच आहे. म्हणून त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. औरंगाबादला कॉलेजात शिकणारा एक मित्र मला म्हणाला, “अरे, रॉकेट बंद केलं म्हणून तो पैसा भिल्लाच्या झोपडीत येणार आहे का? तो लष्कराकडं जाईल, साखर कारखान्याला जाईल, मंत्र्याच्या मोटारीला जाईल. तुझ्याकडं येणार नाही.”

खरं आहे. येणार नाही. म्हणूनच मी म्हणतो, आपण रॉकेटचे पैसे मागूच नये.

आपण काय मागतो ते बघा. जी जमीन आपण कसतो तिचा कागद. त्याला किती खर्च येतो? तलाठ्याचा एक दिवस, पाच पंच, एक टेप, चार कोरे कागद आणि एक सही. सरकारला जमीन विकत घ्यायची नाही, ती त्याचीच आहे. फोडायची नाही, आपण फोडली. दगड वेचायचे नाहीत, आपल्या आया-आज्यांनी वेचले. धरणाला कोटी लागतात, कारखान्याला कोटी लागतात. पट्ट्याला शाई लागते. १९७४ चा आदिवासींच्या जमिनी परत करायचा कायदा, जो १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू आहे, त्यालाही कोटी लागत नाहीत. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगर आदिवासीकडं गेलेली जमीन चौकशी करून परत द्यायची. तारखा कायद्यात लिहिल्यात. सातबारा कचेरीत आहे. फक्त फाईल वरच्या कप्प्यातून खाली काढायची.

म्हणजे आपलं काम पैशाअभावी अडलेलं नाही. ज्या सरकारकडं आभाळाएवढा उत्साह आहे त्याच्याकडं या कामाला उत्साह नाही. आणि इथंच दोन्ही विषय एक होतात. एक माणूस वर जाऊन सबंध देश बघतो, त्याला देशकार्य म्हणतात. एक माणूस वावरात जाऊन एका बाईचं नाव रजिस्टरात लिहितो, त्याला कोणी देशकार्य म्हणत नाही. पहिल्याला पदकं मिळतात. दुसऱ्याला गावचा पाटील दम देतो. जोवर देशाचं मोठेपण उंचीवर मोजलं जाईल तोवर खालचं काम कमीपणाचंच राहील. माणूस अंतराळात पाठवायची खरी किंमत ही आहे. ती रुपयात मोजता येत नाही, पण भरतो आपण.

रॉकेट कोणाच्या जमिनीवरून उडतं?

आणखी एक गोष्ट पेपरात येत नाही. रॉकेट आभाळात जातं, पण उडतं जमिनीवरून. ती जमीन कोणाची?

आंध्रात, समुद्र आणि पुलिकत सरोवर यांच्या मधोमध श्रीहरिकोटा नावाचं बेट आहे. १९८० च्या जुलैत आपलं एसएलव्ही-३ रॉकेट तिथूनच उडालं आणि ३५ किलोचा रोहिणी उपग्रह वर नेऊन ठेवला. (आपली रोहिणी म्हणजे पावसाआधीचं नक्षत्र. त्यांची रोहिणी म्हणजे यंत्र.) ते बेट मोकळं होतं का? नाही. तिथं यानादी नावाचे आदिवासी राहत होते. मासे, खेकडे, मध, कंदमुळं, जंगलातला पाला यावर जगणारे. १९६९ च्या सुमाराला रॉकेटतळासाठी बेट ठरलं आणि त्यांच्या पाड्यांची जागा सरकारजमा झाली. जे शेकडो वर्षं त्या बेटावर फिरत होते त्यांना ठरवून दिलेल्या वसाहतीत राहावं लागलं. पुष्कळांना त्याच तळावर रोजंदारीची कामं करावी लागली. ज्या यानाद्यांच्या रानातून रॉकेट वर गेलं त्यांचं नाव त्या रॉकेटच्या बातमीत मी एकदाही वाचलं नाही.

त्याच्या आधी केरळात थुंबा. समुद्राकाठचं कोळ्यांचं गाव. तिथून २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिलं रॉकेट उडालं. त्यासाठी कोळ्यांची घरं हलली, त्यांचं चर्चसुद्धा शास्त्रज्ञांना द्यावं लागलं. तिकडं ऑस्ट्रेलियात वूमेरा नावाचा तळ १९४७ मध्ये इंग्रजांनी आणि तिथल्या सरकारनं मिळून केला. क्षेपणास्त्रं आणि रॉकेटं ज्या वाळवंटावरून सोडायची ते वाळवंट तिथल्या मूळ रहिवाशांचं. नकाशावर मात्र ‘रिकामी जागा’.

हा ‘रिकामी’ शब्द आपल्या ओळखीचा आहे. सरकारी पड. गायरान. राखीव. जिथं आपण राहतो त्याला कागदावर रिकामंच म्हणतात.

आपण विज्ञानाच्या विरोधात आहोत का?

नाही. हे नीट ऐका, कारण मास्तर लोक हाच ठपका ठेवतात.

आपल्याला विज्ञान पाहिजे. हातपंप हे विज्ञान आहे. साप चावल्यावरची लस हे विज्ञान आहे. हिवतापाची गोळी, बाळंतपणाच्या खोलीत उकळलेलं पाणी, खडकाळ माळावर कोणती बाजरी येईल हे सांगणं, हे सगळं विज्ञान. भगताकडं न जाता दवाखान्यात जा असं आपण आपल्या लोकांना सांगतोच की. दवाखान्यात डॉक्टर नसतो, ही गोष्ट वेगळी.

उपग्रहालाही माझा विरोध नाही. १९८३ च्या ऑगस्टात वर गेलेला इन्सॅट-१बी ढगांची चित्रं पाठवायचा, समुद्रात वादळ उठलं तर आधी कळायचं. कोळ्याचा जीव वाचायचा. १९७५-७६ मध्ये सरकारनं अमेरिकेचा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत टीव्हीवर शेतीचे, आरोग्याचे कार्यक्रम दाखवले. चांगली गोष्ट. पण यात एक ध्यानात घ्या. ढगांची चित्रं घ्यायला किंवा कार्यक्रम दाखवायला वर माणूस लागला नाही. यंत्रानंच केलं. जमिनीची चित्रं घ्यायला आपला स्वतःचा भास्कर उपग्रह १९७९ मध्येच गेला होता. चंद्रावरची माती तर रशियानं १९७० मध्ये ल्यूना-१६ या बिनमाणसाच्या यानानं आणून दाखवली. यंत्राला हवा लागत नाही, पाणी लागत नाही, परत आणायची घाई नसते, मेलं तर रडायला मायबाप नसतात. माणूस पाठवला की त्याला जिवंत ठेवायचा खर्च वेगळा. मग माणूस पाठवतात कशाला? कारण यंत्राला फुलांचा हार घालता येत नाही.

हे मी एकटाच म्हणत नाही. आपल्या देशात अंतराळाचं काम ज्यांनी उभं केलं ते डॉ. विक्रम साराभाई, १९७१ मध्ये वारले, त्यांचंच म्हणणं होतं की चंद्रावर जाण्यात, ग्रहांवर जाण्यात किंवा माणूस अंतराळात पाठवण्यात श्रीमंत देशांशी शर्यत लावायचं स्वप्न आपण बघत नाही, लोकांच्या रोजच्या अडचणींना हे तंत्र लावायचं आहे. त्यांच्या फोटोला हार घालणाऱ्यांनी त्यांचं म्हणणं तेरा वर्षांत गुंडाळून ठेवलं.

उद्याचा धोका

आता शेवटचा मुद्दा, आणि कार्यकर्त्यांनी हा नीट समजून घ्यावा.

वरून काढलेले हे फोटो कपाटात पडून राहणार नाहीत. आज ना उद्या वनखात्याचा साहेब नकाशा पसरेल आणि म्हणेल, बघा, अमुक साली इथं शेत दिसत नाही, जंगल दिसतं, तुम्ही नंतर घुसलात, चला निघा. तोंडी साक्ष नको, म्हातारा नको, पंच नको, फोटो बोलतो. तेव्हा काय म्हणाल?

तेव्हा हे म्हणा. १९७२ पासून अमेरिकेचा लँडसॅट नावाचा उपग्रह जमिनीची चित्रं घेतो. हैदराबादजवळ शादनगरला ती चित्रं उतरवून घ्यायचं केंद्रही झालंय. सुरुवातीच्या चित्रांतला सगळ्यात बारका ठिपका जमिनीवर साधारण ऐंशी मीटर लांब, ऐंशी मीटर रुंद असायचा. म्हणजे दीड एकर. त्या दीड एकरात जे काही आहे, झाड, बांध, झोपडी, बाजरी, मटकी, त्या सगळ्याचा मिळून एकच रंग. आपल्या लोकांचं वावर दोन एकर, अडीच एकर, तेही खडकाच्या मधून, वाकडंतिकडं. बांधावर पळस, मधी मोहाचं झाड ठेवलेलं. त्या चित्रात ते कुठं दिसणार? बागायतदाराचा वीस एकर ऊस आभाळातून बरोबर दिसतो. भिल्लाचं वावर त्या चित्रात जंगलच दिसतं.

म्हणजे आभाळातला डोळासुद्धा मोठ्यालाच बघतो. जमिनीवर उतरल्याशिवाय लहान माणूस दिसत नाही.

म्हणून फोटोला घाबरू नका, पण त्याला देवही मानू नका. आपण उलट मागणी करायची: १९७८ च्या आधीचे जे फोटो, जे नकाशे सरकारकडं असतील ते चावडीवर आणा. आमच्या बाजूनं बोलतात का बघू. जिथं दिसत नाही तिथं माणूस पाठवा. ऐंशी वर्षांची म्हातारी सांगेल, हा बांध कोणी घातला, हे आंब्याचं झाड कोणत्या दुष्काळात लावलं. ती साक्ष कॅमेऱ्याच्या वर ठेवा.

आपल्या मागण्या

१. पेरणीच्या आत प्रत्येक वस्तीवर तलाठ्यानं येऊन, लोकांसमोर, कसणाऱ्याचा पंचनामा करावा. नाव एक-ई रजिस्टरला लावून त्याची नक्कल हातात द्यावी. बाईच्या नावानं अर्ज असेल तर बाईचंच नाव लावावं.

२. दंडाची पावती नाही म्हणून दावा फेटाळू नये. गावातल्या जुन्या माणसांची साक्ष, झाडं, विहीर, बांध, थडगी हा पुरावा धरावा.

३. दावा निकाली निघेपर्यंत कोणाचा नांगर अडवू नये, उभ्या पिकात गुरं सोडू नयेत.

४. १९७४ च्या जमीन परत कायद्याखालची पडून असलेली प्रकरणं बाहेर काढावीत, आणि कोणतं प्रकरण कुठं अडलंय ते गावाला लेखी कळवावं.

५. विमानातून वा उपग्रहातून घेतलेलं चित्र एकट्यानं कोणाच्याही विरुद्ध पुरावा म्हणून वापरू नये. वापरायचं असेल तर आधी ते आम्हाला दाखवावं.

६. माणूस अंतराळात पाठवायचे पुढले बेत सरकारनं सोडून द्यावेत. शास्त्रज्ञांनी पाऊस, पाणी, रोगराई आणि कोरडवाहू जमीन या कामाला लागावं. तिथं अजून एकही झेंडा लागलेला नाही.

१९६४ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला तेव्हा लाखो लोक तुरुंगात गेले. आज मराठवाड्यात गायरानावर ज्या गरिबाचा पाय टिकलाय तो त्या लोकांमुळं टिकलाय. ते लोक चालत गेले होते. कोणाजवळ यान नव्हतं.

तेव्हा साथींनो, मृगाआधीच्या बाजारच्या दिवशी करमाडला जमायचं आहे. वेळ आणि जागा तुमच्या वस्तीचा कार्यकर्ता सांगेल. तिथून चालत कचेरीवर. येताना प्रत्येकानं आपल्या वावराचा नकाशा कागदावर काढून आणावा. लिहिता येत नसेल तर कोळशानं काढा, बांध दाखवा, झाड दाखवा, शेजाऱ्याचं नाव सांगा, ते आम्ही लिहून घेऊ. सगळे कागद जोडून एक मोठा नकाशा करू आणि साहेबाच्या टेबलावर पसरू. आणि सांगू, आभाळातून भारत कसा दिसतो ते तुम्ही ऐकलं. आता खालून कसा दिसतो ते बघायला चला, आमच्या बरोबर, पायी.

कसेल त्याची जमीन! जमीन आमच्या हक्काची!

आदिवासी एकजूट जिंदाबाद!